एक नाव, अनेक उच्चार : योहान, जॉन, इव्हान आणि आपला हजेरीपट



डी.एड. केलेल्या प्रत्येकाला शिक्षणतज्ज्ञांची ती लांबलचक यादी आठवत असेल. परीक्षेच्या आदल्या रात्री कोण कुठला, कुणाचा सिद्धांत कोणता, हे आपण घोकून घोकून पाठ केलं. त्या यादीतली ही काही नावं बघा :

जॉन लॉक, जॉन ड्युई, जॉन वॉटसन, झाँ जाक रूसो, झाँ पियाजे, योहान हाइनरिश पेस्टालॉझी, योहान फ्रीडरिश हर्बार्ट, यान आमोस कोमेनियस आणि इव्हान पावलोव्ह.

नऊ माणसं. कुणी इंग्रज, कुणी अमेरिकन, कुणी स्विस, जर्मन, चेक, रशियन. जोड्या लावताना आपली किती दमछाक झाली! पण एक गंमत त्या पुस्तकात कुठेच लिहिलेली नव्हती. या नऊही जणांचं पहिलं नाव एकच आहे. जॉन, झाँ, योहान, यान, इव्हान ही एकाच नावाची वेगवेगळ्या भाषांतली रूपं आहेत. मराठी बायबलमध्ये हेच नाव 'योहान' असं येतं.

आजचा लेख या एका नावाच्या प्रवासाबद्दल आहे. हा विषय भाषेच्या तासाला फार उपयोगी पडतो. तत्सम-तद्भव शब्द, उच्चारातले बदल, 'जाऊन' की 'जावून' हे सगळे नेहमीचे प्रश्न या एका नावातून मुलांना समजावता येतात. शिवाय आपण वर्गात रोज जे काम करतो, म्हणजे हजेरी घेणं, त्याच्याशीही याचा जवळचा संबंध आहे. त्याबद्दल शेवटी बोलू.

१) मूळ नाव कोणतं आणि त्याचा अर्थ काय?

हे नाव मूळचं हिब्रू भाषेतलं. हिब्रू ही ज्यू लोकांची धर्मग्रंथाची भाषा. मूळ रूप 'योहानान', त्याचं आणखी लांब रूप 'यहोहानान'. या नावाचे दोन भाग पडतात. पहिला भाग 'यो' म्हणजे 'यहोवा' या देवाच्या नावाचं छोटं रूप. दुसरा भाग 'हानान' म्हणजे 'कृपा केली'. एकत्र अर्थ : देवाने कृपा केली.

आपल्याकडे असा अर्थ असणारी नावं भरपूर आहेत. कृपा, प्रसाद, गुरुप्रसाद, देवदत्त. घरात बऱ्याच वर्षांनी मूल झालं की 'देवाचा प्रसाद' म्हणून नाव ठेवायची रीत आपल्याला नवी नाही. बायबलमधलंच 'योनाथान' हे नाव घ्या. त्यातही पहिला भाग तोच 'यो' आणि पुढे 'नाथान' म्हणजे 'दिले'. म्हणजे अर्थाने तो आपला देवदत्तच झाला! मात्र योहान आणि योनाथान ही दोन वेगळी नावं आहेत. इंग्रजीत जॉन आणि जोनाथन जवळजवळ वाटतात म्हणून गोंधळ होतो.

'कृपा' या अर्थाचा तो हिब्रू धातू आणखी काही नावांत सापडतो. 'हन्ना' हे स्त्रीचं नाव त्यातलंच. त्याचंच पुढे ॲना, ॲन झालं. आणि इतिहासातला हत्ती घेऊन आल्प्स पर्वत ओलांडणारा सेनापती हॅनिबल आठवतो का? तो कार्थेजचा. त्याची भाषा हिब्रूची बहीण. त्याच्या नावाचा अर्थ 'बाल देवाची कृपा'. म्हणजे देव वेगळा, पण 'कृपा' हा शब्द तोच.

२) बारशाला झालेला वाद

बायबलमध्ये योहान नावाच्या दोन व्यक्ती मुख्य आहेत. मुलांना सांगताना त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. एक 'बाप्तिस्मा करणारा योहान', जो यार्देन नदीवर लोकांना बाप्तिस्मा देत असे. दुसरा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, जब्दीचा मुलगा योहान. चौथ्या शुभवर्तमानाला परंपरेने त्याचंच नाव आहे. मुंबईत कुलाब्याला जे अफगाण चर्च म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचं अधिकृत नाव या दुसऱ्या योहानावरून, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्टवरून आहे.

पहिल्या योहानाच्या जन्माची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात येते आणि ती मुळात नाव ठेवण्याचीच गोष्ट आहे. जखऱ्या आणि अलीशिबा हे म्हातारं जोडपं. उतारवयात त्यांना मूल होतं. आठव्या दिवशी सुंतेसाठी शेजारीपाजारी आणि नातेवाईक जमतात. सगळ्यांना वाटतं, मुलाला बापाचंच नाव द्यावं. आई म्हणते, नाही, योहान ठेवायचं. नातेवाईक लगेच हरकत घेतात की तुमच्या कुळात हे नाव कुणाचंच नाही! मग ते बापाकडे वळतात. बापाची वाचा गेलेली असते. तो पाटी मागवतो आणि पाटीवर लिहून देतो की मुलाचं नाव योहानच. त्यानंतर त्याची वाचा परत येते.

ही गोष्ट मुलांना ओळखीची वाटते, कारण आत्या एक नाव सुचवते, आजी दुसरं आणि आईच्या मनात तिसरंच असतं, हा प्रकार प्रत्येक घरात घडलेला असतो.

३) हिब्रूतून ग्रीकमध्ये : शेपूट लागलं

पुढे ही नावं ग्रीक भाषेत लिहिली गेली. ग्रीकमध्ये शब्दाच्या मध्ये येणारा 'ह' लिहायला अक्षर नव्हतं. त्यामुळे योहानानमधला 'ह' गळला. शिवाय ग्रीकमध्ये पुरुषांच्या पुष्कळ नावांच्या शेवटी 'स' येतो. जसं सॉक्रेटिस. म्हणून योहानानचं झालं 'इओआन्नेस'.

हा 'स' ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. मराठी बायबलमधली नावं आणि इंग्रजी नावं शेजारी शेजारी ठेवा. मराठीत येशू, इंग्रजीत जीझस. मराठीत मोशे, इंग्रजीत मोझेस. इंग्रजी नावाच्या शेवटी दिसणारा तो 'स' ग्रीकमधून आलेलं शेपूट आहे. मराठी भाषांतरकारांनी मूळ हिब्रूच्या जवळची रूपं निवडली, म्हणून आपल्याकडे ते शेपूट नाही.

आपल्याला हसू येईल, पण असं शेपूट आपणही लावलेलं आहे! कोकणात शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज बघा. त्यांची मूळ नावं हिब्रू. पण कोकणच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे 'जी' लागला. शमुवेलचा समाजी झाला. मुंबईत १७९६ साली ज्यांनी सिनेगॉग बांधलं ते समाजी हसाजी दिवेकर. इंग्रजी लिखाणात त्यांचंच नाव सॅम्युएल इझिकिएल दिवेकर असं येतं. ग्रीकांनी 'स' लावला, आपण 'जी' लावला. परकं नाव आपल्या भाषेत वावरायचं तर आपल्या भाषेचा पोशाख त्याला घालावाच लागतो.

ग्रीकमधून नाव लॅटिनमध्ये गेलं. तिथे लिहिताना 'ह' पुन्हा आला आणि रूप झालं 'योहान्नेस'. युरोपातली बहुतेक रूपं या ग्रीक आणि लॅटिन रूपांपासून निघाली.

४) 'य' चा 'ज' कसा झाला?

मुलांचा हमखास प्रश्न : योहानचा जॉन झालाच कसा? 'य' कुठे आणि 'ज' कुठे!

उत्तर द्यायला मराठीच पुरेशी आहे. फळ्यावर ही जोडी लिहा :

यात्रा – जत्रा
योगी – जोगी
यव – जव
यमुना – जमुना
यंत्र – जंतर
यत्न – जतन

डावीकडे संस्कृत, उजवीकडे लोकांच्या तोंडी झालेलं रूप. शब्दाच्या सुरुवातीचा 'य' उच्चारताना जीभ टाळूच्या जवळ जाते. जरा आणखी वर जाऊन टेकली की 'ज' होतो. तुम्ही स्वतः हळूहळू म्हणून बघा. आपल्याकडे प्राकृत भाषांमध्ये हे घडलं, तिकडे लॅटिनपासून निघालेल्या भाषांमध्ये घडलं. दोघांनी एकमेकांचं बघून केलं नाही. माणसाची जीभ सगळीकडे सारखीच.

जुन्या फ्रेंचमध्ये योहान्नेसचं 'जेहान' झालं. हे रूप नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडला गेलं आणि तिथे 'जॉन' हे रूप रुजायला त्याने हातभार लावला. खुद्द फ्रान्समध्ये पुढे 'ज' आणखी मऊ झाला आणि 'झाँ' असा उच्चार आला. आपल्या काही पुस्तकांत 'जीन पियाजे' असं छापलेलं असतं, ते फ्रेंच स्पेलिंग इंग्रजी पद्धतीने वाचल्यामुळे. स्पेनमध्ये हाच ध्वनी घशाकडे सरकला आणि 'हुआन' झालं. पोर्तुगालमध्ये शेवटचा 'न' नाकात गेला आणि 'जुआंव'सारखा उच्चार आला.

इंग्रजीचं 'जे' हे अक्षरसुद्धा तसं उशिराचं आहे. पूर्वी 'आय' आणि 'जे' हे एकच अक्षर मानलं जाई. १६११ साली इंग्लंडचा राजा जेम्स याच्या काळात जे प्रसिद्ध इंग्रजी बायबल छापलं, त्यात जॉनचं स्पेलिंग 'आय'नेच सुरू होतं. उच्चार मात्र तेव्हा 'जॉन'च होता. म्हणजे लिपी मागून आली, बोलणं आधी बदललं. शुद्धलेखनाच्या तासाला ही गोष्ट आपणही लक्षात ठेवावी अशी आहे.

५) एका आणि नाथा

लांब नाव असलं की हाक मारताना ते कापलं जातं. आता कुठे कापायचं हे ज्याच्या त्याच्या तोंडावर. आपल्याकडे एकनाथ असेल तर कुणी त्याला 'एका' म्हणतं, कुणी 'नाथा'. एकाने पुढचा तुकडा घेतला, दुसऱ्याने मागचा.

योहान्नेसचंही तेच झालं. जर्मनीत पुढचा भाग ठेवून 'योहान' झालं आणि मागचा भाग ठेवून 'हान्स' झालं. डच, पोलिश, चेक भाषांत ते आटून 'यान' एवढंच राहिलं. डॅनिशमध्ये 'येन्स'. इंग्रजीत जॉनला लाडाने 'जॅक' म्हणतात. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना घरचे लोक जॅकच म्हणत.

कोमेनियसचं उदाहरण शिक्षकांनी जरूर सांगावं. हे १५९२ साली जन्मलेले चेक शिक्षणतज्ज्ञ. १६५८ साली त्यांचं मुलांसाठीचं सचित्र पुस्तक प्रसिद्ध झालं आणि चित्रांमधून शिकवायच्या पाठ्यपुस्तकांची वाट त्यातून मोकळी झाली. त्यांच्या मायबोलीत ते 'यान', लॅटिन पुस्तकावर 'योहान्नेस' आणि इंग्रजी पुस्तकांत 'जॉन'. माणूस एक आणि नावं तीन, तीही सगळी बरोबर.

६) मधेच आलेला 'व'

आपण मुलांच्या वह्या तपासताना लाल पेनाने सगळ्यात जास्त काय दुरुस्त करतो? 'जाऊन'चं 'जावून', 'घेऊन'चं 'घेवून'. मुलं असं का लिहितात? कारण 'जा' आणि 'ऊ' हे दोन स्वर लागोपाठ म्हणताना ओठ गोल होतात आणि मधे हलका 'व' ऐकू येतो. मूल कानाने लिहितं. लिहिण्याचा नियम वेगळा आहे, तो शिकवायचाच. पण मुलाचा कान चुकलेला नसतो.

आता ग्रीक 'इओआन्नेस' म्हणून बघा. इ, ओ, आ असे तीन स्वर ओळीने! स्लाव्ह लोकांनी ते म्हणताना मधे 'व' आला आणि 'इव्हान' तयार झालं. रशिया, युक्रेन, बल्गेरिया, क्रोएशिया इकडे हे रूप चालतं. इटलीतही मधे 'व' आला आणि 'जोव्हान्नी' झालं. वेल्श भाषेत 'इव्हान'सारखंच रूप झालं, त्यावरून इंग्रजीत 'एव्हन' आलं आणि 'एव्हन्स' हे आडनावही.

म्हणजे पावलोव्हच्या पहिल्या नावात जो 'व' आहे, तो आपल्या चौथीतल्या मुलाच्या 'जावून'मध्ये आलेल्या 'व'चा सख्खा भाऊ आहे.

७) तत्सम आणि तद्भव, तिकडेही

'यात्रा' आणि 'जत्रा' हे दोन्ही शब्द मराठीत आजही आहेत. यात्रा काशीची, जत्रा गावदेवीची. एकाच मूळ शब्दाचं एक रूप ग्रंथातून आलं आणि दुसरं लोकांच्या तोंडून.

रशियनमध्ये चर्चच्या लिखाणात संताचं नाव 'इओआन्न' असं येतं आणि गावातला माणूस असतो 'इव्हान'. पहिलं तत्सम, दुसरं तद्भव म्हणा ना! आयर्लंडमध्ये तर आणखी मजा. तिथे हे नाव आधी लॅटिनमधून आलं, त्याचं झालं 'ओएन'. नंतर बाराव्या शतकात नॉर्मन लोक आले, ते आपलं फ्रेंच 'जेहान' घेऊन आले. आयरिश भाषेत 'ज' हा ध्वनी नव्हता, म्हणून त्यांनी जवळचा 'श' वापरला आणि झालं 'शॉन'. आपण स्टेशनचं ठेसन आणि लॉर्डचा लाट केला, तसंच. स्कॉटलंडमध्ये 'इयन' झालं. एका वर्गात जॉन, शॉन, इयन आणि एव्हन अशी चार मुलं असतील, तर त्यांच्या शिक्षकाला कल्पनाही नसेल की आपण एकच नाव चार वेळा पुकारतोय.

८) पूर्वेकडची रूपं

हे नाव फक्त युरोपात गेलं असं समजू नका. ते जन्मलंच आशियात. आर्मेनियात 'होव्हान्नेस', इथिओपियात 'योहान्नेस', अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत 'युहन्ना'. कुराणात जकरियाच्या मुलाचं नाव 'याह्या' असं येतं. ही व्यक्ती म्हणजे तोच बाप्तिस्मा करणारा योहान. 'याह्या' या रूपाला अरबीत 'जगतो' असाही अर्थ लागतो. आपल्या शाळांमध्ये याह्या नावाची मुलं असतात. योहान आणि याह्या एकाच बाकावर बसले असतील, तर ते नावाने भाऊ आहेत हे त्यांना जरूर सांगा.

केरळमध्ये जुन्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतून 'योहन्नान' हे नाव आहे. सिरियाक ही हिब्रूला जवळची भाषा, म्हणून त्यात 'ह'ही टिकला आणि शेवटचा 'न'ही. म्हणजे मूळ नावाच्या जॉनपेक्षा केरळचा योहन्नान कितीतरी जवळ आहे! तमिळनाडूत तर कॅथलिक परंपरेने उच्चार सोडून अर्थच घेतला. तमिळमध्ये 'अरुळ' म्हणजे कृपा, त्यावरून 'अरुळप्पन' हे नाव झालं.

आणि आपला गोवा? पोर्तुगीज 'जुआंव' तिथे कोकणीत मिसळला. २४ जूनला गोव्यात 'सांजांव' साजरा होतो. सां म्हणजे संत आणि जांव म्हणजे आपला योहानच. डोक्यावर पानाफुलांचं 'कोपेल' घालून लोक विहिरीत, ओढ्यात उड्या मारतात. शिवोलीला सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. नव्या जावयाचं कौतुक होतं. तारीख २४ जूनच का? लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. नाताळ २५ डिसेंबरला, म्हणून योहानाचा जन्मदिवस त्याच्या सहा महिने आधी धरला गेला. युरोपात तो ऐन उन्हाळ्याचा दिवस, तिथे शेकोट्या पेटवतात. आपल्याकडे तेव्हा पावसाने विहिरी भरत असतात, म्हणून इथे पाण्यात उड्या. नावाप्रमाणे सणही जिथे जातो तिथल्या हवामानाचा होतो.

९) मुलींची नावं आणि आडनावं

योहान्ना, जोआना, जेन, जोन, जॅनेट, फ्रेंच झान, स्पॅनिश हुआना, इटालियन जोव्हान्ना, स्लाव्ह इव्हाना ही सगळी याच नावाची स्त्रीरूपं. इतिहासात आपण 'जोन ऑफ आर्क' शिकतो. तिच्या फ्रेंच भाषेत ती 'झान' आहे.

आडनावांचं तर विचारूच नका. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. जोन्स, जॅक्सन, हॅन्सन, येन्सन, योहान्सन, यान्सन, इव्हानोव्ह, एव्हन्स ही सगळी त्याच झाडाची फळं. जोहान्सबर्ग हे शहर आणि पोर्टो रिकोची राजधानी सान हुआन ही नकाशावरची उदाहरणं.

१०) सारखं दिसलं म्हणजे नातं नव्हे

इथे एक सावधगिरी. मुलांना हा खेळ आवडला की ती कुठलंही नाव कुठेही जोडायला लागतात. 'रोहन' आणि 'योहान' सारखे वाटतात, पण रोहन संस्कृत 'रुह्' म्हणजे वाढणे, चढणे या धातूपासून आला आहे. 'हान्स' आणि आपला 'हंस' यांचाही काही संबंध नाही. गंमत अशी की जर्मनमध्ये बदकासारख्या मोठ्या पक्ष्याला 'गान्स' म्हणतात आणि तो शब्द मात्र आपल्या 'हंस'चा खरा नातेवाईक आहे! ऐकायला जवळचं ते परकं निघालं आणि लांबचं वाटणारं घरचं निघालं. नातं ठरवायचं तर जुनी रूपं आणि बदलाचे नियम बघावे लागतात, नुसता कान पुरत नाही.

११) आता हजेरीपटाकडे

हा विषय वर्गात झाल्यावर चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग यातलं खरं नाव कोणतं?" प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मूळ नाव योहानान आहे म्हणून जॉन चूक, असं म्हणता येत नाही. पियाजेंना कुणी 'योहान पियाजे' म्हटलं असतं तर त्यांनी वळूनही पाहिलं नसतं. मी तिला सांगितलं, ज्या हाकेला माणूस 'ओ' देतो ते त्याचं खरं नाव.

आपण शिक्षक मात्र नकळत उलटं वागतो. घरी 'इठ्ठल' म्हणतात, आपण म्हणतो, "इठ्ठल नाही रे, विठ्ठल म्हण." आजी नातवाला 'जुवांव' म्हणते, आपण म्हणतो तो अपभ्रंश आहे. 'अपभ्रंश' हा शब्द आपण चूक या अर्थाने वापरतो. पण मराठी भाषा स्वतः प्राकृत आणि अपभ्रंश याच वाटेने घडली आहे. 'जत्रा' चूक म्हणायची असेल तर अर्धी मराठी पुसावी लागेल. मुलाच्या घरच्या हाकेला चूक ठरवलं की ते मूल आपल्या घरालाच चूक समजायला लागतं. ते पुढे तोंड उघडायला कचरतं, आणि मग आपणच म्हणतो की मूल वर्गात बोलत नाही.

लेखी नोंदीचं मात्र वेगळं आहे. बोलताना नाव कितीही रूपं घेऊ दे, कागदावर ते एकच हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं दर वर्षी शाळा बदलतात. एका ठिकाणी 'विठल', दुसऱ्या ठिकाणी 'विठ्ठल', आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. पहिलीत कुणाचं लक्ष जात नाही. पुढे शिष्यवृत्तीला, बँकेच्या खात्याला, दहावीच्या फॉर्मला नाव जुळत नाही, तेव्हा बापाला रोजगार बुडवून हेलपाटे घालावे लागतात. आपल्या एका वेलांटीची किंमत तो भरतो.

म्हणून माझ्या मते दोन साधे नियम पुरे आहेत :

– जनरल रजिस्टरला नाव लिहिताना जन्मदाखल्यावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर बघून लिहावं. आपल्या मनाने 'शुद्ध' करू नये. आधारवरचं स्पेलिंग वेगळं असेल तर पालकांना पहिलीतच सांगावं, दहावीची वाट बघू नये.

– हाक मारताना मूल आणि त्याचं घर जसं म्हणतं तसंच म्हणावं. जमत नसेल तर मुलालाच दोनदा म्हणायला लावून शिकावं. मुलांना बाईंना शिकवायला फार आवडतं.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या नावाचा अर्थ आणि ते कुणी, का ठेवलं हे त्याला सांगा. बऱ्याच मुलांना ते माहीत नसतं.

१२) वर्गात घेता येण्यासारखे उपक्रम

इयत्ता तिसरी-चौथी : प्रत्येक मुलाने आपल्या नावाची घरातली सगळी रूपं वहीत लिहून आणायची. आई काय म्हणते, आजी काय म्हणते, मित्र काय म्हणतात. मग कोणता ध्वनी गळला, कोणता आला, कोणता तुकडा उरला हे गटात शोधायचं.

इयत्ता पाचवी : 'य–ज' जोड्या फळ्यावर देऊन आणखी जोड्या घरच्या माणसांना विचारून आणायच्या. 'युक्ती–जुगत' ही एक मी देऊन ठेवते.

इयत्ता सहावी-सातवी : जगाचा नकाशा भिंतीवर लावा. योहान, यान, हान्स, झाँ, हुआन, जोव्हान्नी, इव्हान, शॉन, होव्हान्नेस, युहन्ना, याह्या, योहन्नान, जांव अशा चिठ्ठ्या करा. मुलांनी योग्य देशावर किंवा राज्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि हा बदल कोणत्या कारणाने झाला ते एका वाक्यात सांगायचं. भूगोल आणि भाषा दोन्ही एका तासात होतात.

तुमच्या वर्गात एखाद्या नावाची अशी वेगवेगळी रूपं सापडली तर मुलांकडून त्यांचा तक्ता करून घ्या आणि भिंतीवर लावा. आमच्या वर्गातला तक्ता वर्ष संपेपर्यंत वाढतच होता.